पांढऱ्यावर पांढरी रास

“ताई, सगळं आलं. पोरगा आला, अक्षरं आली. पण मीठ दिसत नाही,” भरतकामाची मशीन चालवणारा बंटी फोनवर बोलला आणि रसिकाच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. दिसत नाही म्हणजे? उसवलं? धागा तुटला? तसं काही नाही, बंटी म्हणाला, मशीन सुरळीत चालली, टाके पडताना मी या डोळ्यांनी बघितले, पण जॅकेट फ्रेममधून काढून बघतो तर कबड्डीचा पोरगा हवेत उडालाय आणि त्याच्यामागे मिठाची रास हवी तिथं नुसतं जॅकेट. “पांढऱ्यावर पांढरं हो ताई. मी बोललेलो देवेशला, हा येडेपणा आहे.” देवेश दुपारी येणार होता, आपल्या आजोबांना घेऊन. त्यांना पटलं नाही तर राशीला काळी बॉर्डर मारायची, नाहीतर भरतकामच रद्द आणि सरळ छपाई. “तुम्ही टेन्शन नका घेऊ. बॉर्डर मी ऑटोवर टाकतो, दोन मिनटांचं काम.” टेन्शन नका घेऊ! या वाक्यानं आजवर कुणाचं टेन्शन गेलंय? रसिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “बंटी, फाइलला हात लावू नकोस. मी येते.” “अहो, टिटवाळ्यावरून खोपटला? एवढ्यासाठी?” “येते म्हटलं ना!” फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या आवाजाचंच नवल वाटलं. इतकं खडसावून ती गेल्या कित्येक वर्षांत कुणाशी बोलली नव्हती, लेकीशीसुद्धा.

तसं बघायला गेलं तर काम एवढंसं. बाळकुमचं एक कबड्डी मंडळ, त्याचं पन्नासावं वर्ष. रविवारी सामने सुरू व्हायच्या आधी गावातल्या जुन्या माणसांचा सत्कार होता. दिवसभर मिठागरात राबून संध्याकाळी मैदानात उतरणारी, मंडळाचा पहिला संघ उभा करणारी ही माणसं. त्यांना एकेक पांढरं जॅकेट द्यायचं आणि त्याच्या छातीवर मंडळाचा लोगो. मिठागरं कधीच गेली, तिथं आता टॉवर उभे आहेत आणि टॉवरवाल्यांना खाली काय होतं ते ठाऊकही नाही. लोगोत मात्र मिठाची रास होती, तिच्यापुढं झेप घेणारा खेळाडू, खाली मंडळाचं नाव. देवेश मंडळाचा सेक्रेटरी. बंटीनं त्याला ‘मशीनला डीएसटी, म्हणजे टाक्यांची फाइल लागते’ एवढंच सांगितलं होतं, तर या पठ्ठ्यानं चित्राच्या नावापुढचं जेपीजी पुसून तिथं डीएसटी लिहिलं आणि दिलं पाठवून! दुकानावरची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलतो होय? मशीननं फाइल घेतलीच नाही. तेव्हा कुठं बंटीला रसिकाची आठवण झाली. चित्र बघायला डोळे लागतात आणि मशीनला डोळे नसतात. तिला आंधळ्याचा हात धरून नेतात तसं न्यावं लागतं, आता इथं सुई टोच, आता एवढं पुढं जा, आता धागा काप. एका बोटभर फुलासाठी हजारो वेळा हे सांगायचं. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. रसिका एके काळी पंचिंग करायची. एके काळी, हा शब्द तिला अलीकडे फार बोचायचा.

“काय झालं गं?” विमलाबाई, तिच्या सासूबाई, आतून आल्या. “फाइल चुकली माझी,” रसिका म्हणाली. विमलाबाईंना फाइल म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण चुकली म्हणजे काय ते कळत होतं. त्यांनी मेथीचं ताट आपल्याकडं ओढलं. “मग जा की. पोरीला शाळेतून मी आणते. भाकरी खाऊन जा तेवढी.” “भूक नाही, आई.” “नसंल. पण उपाशीपोटी भांडता येत नाही.” “भांडायला कुठं चाललेय मी?” “तोंड तर तसंच झालंय,” विमलाबाई म्हणाल्या आणि काड्या मोडायला लागल्या. सूरजही असाच. नवरा म्हणून एका शब्दानं आडवा यायचा नाही, पण परवा ती लॅपटॉप उघडून बसली तेव्हा मागून डोकावून म्हणाला होता, अगं, आता सगळं सॉफ्टवेअरच करतं ना, तू कशाला डोळे फोडतेस. प्रेमानंच म्हणाला. सगळी प्रेमानंच म्हणत होती. कुणी टोमणा मारला असता तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. प्रेमानं म्हटलेल्याला काय उत्तर द्यायचं? आणि मुळात त्याचं खरं असलं तर? आपल्याला जे येत होतं ते आता कुणाला लागतच नसलं तर? हा विचार तिनं जिन्यावर तीन वेळा झटकला आणि तीनही वेळा तो चपलेतल्या खड्यासारखा पुन्हा आत आला.

लोकल कल्याणलाच अडकली, पण तिथून भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारी एसटी तिला मिळाली आणि खिडकीही मिळाली. शेजारी कुरियरवाला बसला होता, त्याच्या छातीवर कंपनीचं नाव भरलेलं. रसिकाची नजर तिथं गेलीच. अक्षरांची दाटी जास्त झाली होती, कापड चुण्या पडून आत ओढलं गेलं होतं, आणि दोन अक्षरांमधला धागा कापायचा राहून लोंबत होता. त्या माणसानं तिच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या छातीकडं, काही सांडलंय का म्हणून, आणि शर्ट झटकून बॅग पुढं घेतली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ही खोड काही आजची नव्हती. काम सुटल्यापासून ती अशीच जगली होती, लोकांच्या छात्या वाचत. लेकीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये बाई लेकीच्या गणिताबद्दल बोलत होत्या आणि ही मनातल्या मनात शाळेच्या बोधचिन्हातला दिवा उसवून पुन्हा भरत होती. सोसायटीच्या वॉचमनच्या टोपीवरचा वाघ मांजरासारखा का दिसतो, तर मिशांना आणि गालांना एकच टाका मारलाय म्हणून. हे सगळं तिला दिसायचं आणि सांगायला कुणी नव्हतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तापानं फणफणलेल्या लेकीच्या उशाशी बसून ती हवेतल्या हवेत टाके घालायची. आणि आता खरोखर कुणीतरी हातात काम दिलं, तर हिचं मीठ दिसत नाही! वा, रसिकाबाई. लोकांचे वाघ-मांजर करत बसलीस ना, आता भोग.

काम सोडलं असं कधी झालंच नव्हतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या युनिटमध्ये ती लागली तेव्हा अजून लग्न व्हायचं होतं. तिथं प्रभाकर मास्तर होते, राजापूरकडचे, आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डिजिटल बोर्ड आले आणि ब्रशचं काम संपलं, तेव्हा रडत न बसता ते त्या वयात कॉम्प्युटर शिकले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि माउस ब्रशसारखा तीन बोटांत. बंटी तेव्हा तिथं मशीनवर होता. मास्तरांनी रसिकाला धरून शिकवलं. त्यांची एक तऱ्हा होती. मशीनवरून नमुना आला की ते टेबलावर बघायचे नाहीत. उठायचे, खिडकीपाशी जायचे आणि कापड उजेडात धरून हळूहळू फिरवायचे, पोळी भाजताना फिरवतात तसं. बोलायचे काही नाहीत. बरं असलं की ‘हं’, वाईट असलं की ‘पुन्हा’. त्यांचा ‘हं’ मिळाला त्या दिवशी ती स्टेशनपर्यंत चालत जायची, रिक्षाचे पैसे वाचवायला नव्हे, आनंद पायांत मावत नसायचा म्हणून. मग लग्न, मग लेक, मग सासऱ्यांचं आजारपण. मास्तर गावी गेले, युनिट बंद पडलं. एका सोमवारी ती गेली नाही, दुसऱ्या सोमवारी जायला जागाच उरली नव्हती. मधली वर्षं सरकली. कुणी विचारलं तर ती म्हणायची, मी घरीच असते. घरीच, यातला च तिला स्वतःलाच ऐकू यायचा.

काशेळीच्या पुलावर बस रेंगाळली. खाडीवर ऊन पडलं होतं. पलीकडं बाळकुमचे टॉवर, त्यांच्या काचा, गॅलऱ्यांतले कपडे. तिला वाटलं, याच पाण्याचं मीठ व्हायचं. आणि लगेच दुसरा विचार, दरदरून घाम फोडणारा. काल फाइल बनवताना आपल्याला काहीच वाटलं नव्हतं. खेळाडूला वेळ लागला, अक्षरांना लागला, रास मात्र आपण झटक्यात उरकली. पांढरा आकार, घाल टाके, झालं. तेव्हा हायसं वाटलं होतं. मास्तरांकडं असताना काम झटक्यात उरकलं तर आपल्याला भीती वाटायची, आणि काल हायसं वाटलं! कुठं काय चुकलं ते अजून सापडत नव्हतं, पण चूक तिथंच कुठंतरी दबा धरून बसली होती, हे तिला नक्की कळलं.

खोपटच्या डेपोमागं एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बंटीचा गाळा. आत शिरताच तेलाचा आणि नव्या कापडाचा वास आला आणि रसिका दारातच थबकून तो वास घेत राहिली. आपण कामाला आलोय, असं तिनं स्वतःला बजावलं. बारा हेडची मशीन, म्हणजे एका लांब मेजावर ओळीनं बारा ठिकाणी सुया, बारा जॅकेटं एका वेळी भरणारी. सध्या गप्प उभी होती. “आलात? बसा. पाणी घ्या,” बंटी म्हणाला. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते, हसणं तेच. “जॅकेट दे आधी.” त्यानं दिलं. पोरगा झकास उडाला होता, निळा, पिंडऱ्यांसकट. अक्षरं वाचता येत होती. आणि पोरग्याच्या मागे, फोनवर सांगितलं होतं तस्सं, काही नाही. पांढरं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला रास लागली. सगळी लागली, तळापासून टोकापर्यंत, दाट, गुळगुळीत, एकही टाका न चुकलेली. आहे की! तिला एकदम रडू आणि राग एकत्रच आला. एवढी मेहनतीची, एवढी शहाण्यासारखी पडून आहे, आणि दिसत नाही! “बघा ना,” बंटी म्हणाला, “म्हणून बोलतो, काळी बॉर्डर...” “थांब रे जरा!”

ती जॅकेट घेऊन दाराशी गेली. गाळ्याच्या दारात दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं. तिनं जॅकेट उजेडात धरलं आणि हळूहळू फिरवलं. एकदा काही नाही. आणखी थोडं. आणि अचानक रास चमकली. सगळी एकदम चमकली, तळापासून टोकापर्यंत, डोळ्यांत जाईल अशी. हात जरा हलला, सगळी एकदम विझली. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा सगळी एकदम पेटली, सगळी एकदम विझली. रसिका दारातच उकिडवी बसली. कळलं. आई शप्पथ, कळलं! सगळी एकदम, म्हणजे सगळे टाके एकाच दिशेनं. एकूण एक, आडवे, कवायतीला उभे केल्यासारखे. ती दिशा तिनं दिलीच नव्हती. सॉफ्टवेअर आपली एक दिशा सुचवतं आणि ती काल गुमान ‘हो’ म्हणाली होती. जॅकेटच्या कापडाची झाकही नेमकी तशीच आडवी, मग कापडात कापड मिसळून जाणार नाही तर काय! दोरा रंगानं दिसतोच, पण त्याहून अधिक तो दिसतो आडवा की तिरपा की उभा निजलाय त्यावर. उजेड त्याच्यावरून कसा घसरतो त्यावर. मास्तर खिडकीत उभं राहून इतकी वर्षं हेच तर बघत होते. आणि हे आपल्याला ठाऊक होतं. झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मग काल का नाही केलं? कारण भीती वाटली. इतक्या वर्षांनी माउस धरला, आपण दिशा द्यायची आणि ती चुकायची, त्यापेक्षा मशीनची बरी, चुकली तर तिची. एवढंच. हात गेला नव्हता, डोळा गेला नव्हता, नुसती छाती गेली होती. तिला हसू फुटलं. बंटी घाबरून जवळ आला. “ताई, बरं वाटतंय ना?” “बंटी, तुझा कॉम्प्युटर दे. आणि चहा सांग. साखर जास्त.”

ती बसली आणि तेवढ्यात देवेश आला, सोबत त्याचे आजोबा काळुराम. पोरगा दांडगा, गळ्यात चेन, हातात दोन फोन. म्हातारा काटक, पांढरी गांधी टोपी, आणि पायांची बोटं पसरलेली, आयुष्यभर चिखलात अनवाणी चाललेल्या माणसाची असतात तशी. देवेशनं जॅकेट बघितलं. “ताई, राग नका मानू, पण हे चालणार नाही. काळी बॉर्डर मारा ना. मस्त उठून दिसेल, एकदम कडक.” रसिका उत्तर देणार तोच काळुराम बोलला. “मिठाला कालं लावतस, देव्या?” आवाज चढला नव्हता, पण देवेशनं जॅकेट खाली ठेवलं. “कालं मीठ म्हंजे आगरान चिखल आयला. व्यापारी हात पन लावत नवता. माजे बापानं एकदा अख्खी रास परत खाडीन ढकलली व्हती, कालं आयलं म्हनून. आन् आता माजे छातीवर काली बॉर्डर?” बंटीनं रसिकाकडं बघितलं. तिला आता बॉर्डर नको होतीच, पण नको म्हणायला जे कारण तिच्यापाशी होतं ते धाग्याचं होतं. या म्हाताऱ्याचं कारण रक्तातलं होतं. “बाबा,” ती म्हणाली, “या चित्रातली रास बरोबर आहे का हो?” काळुरामनं पडद्याकडं डोळे बारीक करून बघितलं. “ही? ही तं आइसक्रीम हाय.” देवेशसकट सगळे हसले. “रासंला एवरी चोच नसं, बाय. वरशी फळीनं थापून गोल करायची, पाऊस आयला तं पानी सरकून जायला. आन् उनाचे अंगाला तं बघवत नसं. डोलं दिपायचं. मंग आमी सावलीचे अंगाला बसून जेवायचू.” “ऊन कुठल्या अंगाला?” तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं विचार केला नाही. स्वतःच्या छातीवर, जॅकेटवर लोगो येईल त्या जागी, त्यानं पंजा उभा ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाखवलं. “हे अंगाला ऊन. हे अंगाला आमी.” “बाबा, मला अर्धा तास द्या,” रसिका म्हणाली. “घे. मना खंय जावाचं हाय?” म्हणून काळुराम प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला.

मग रसिका आत गेली. गाळ्यात होती तिथंच होती, पण आत गेली. रास तिनं पुसून टाकली, अख्खी, आणि टोकाची चोच मोडून नवी गोलसर रेघ मारली. तिच्यात तिनं अंगं पाडली. उन्हाचं अंग, त्याचे टाके वर चढणारे. सावलीचं अंग, त्याचे टाके तिरपे, कापडाच्या आडव्या झाकेला छेद देणारे. मधे एक अरुंद पट्टा, जिथं ऊन सरतं आणि सावली अजून यायची असते. माथ्यावर आखूड टाके, फळीनं थापल्यासारखे. प्रत्येक जागी सॉफ्टवेअर तिला आपली दिशा सुचवत होतं आणि ती प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत होती. काय सुख होतं त्या नाहीमध्ये! खालून आधी विरळ टाक्यांचा एक थर, म्हणजे रास कापडावरून जरा उचलून येईल. कापड ओढलं जाईल म्हणून कडेला थोडं जास्त. हे तिला आठवावं लागत नव्हतं. बोटं पुढं जात होती, ती त्यांच्या मागून धावत होती. कुरियरवाला, मांजर झालेला वाघ, शाळेचा दिवा, हवेत मनातल्या मनात घातलेले ते सगळे टाके वाया गेले नव्हते तर! इतकी वर्षं ती घरी बसून सरावच करत होती, फक्त कुणाला, तिला स्वतःलासुद्धा, ते कळलं नव्हतं. मागं देवेश फोनवर कुणाला तरी मंडप, मंडप करून सांगत होता. चहा आला, गार झाला. मधेच तिच्या मनात आलं, आणि एवढं करून नाही दिसलं तर? हात एक क्षण थांबला. नाही दिसलं तर नाही दिसलं, ती मनाशी म्हणाली, पण या खेपेला चुकलं तर माझं चुकेल. आणि तिनं फाइल मशीनच्या भाषेत सेव्ह केली.

बंटीनं एका हेडवर जॅकेट चढवलं. काळुराम उठून आला. आधी निळा पोरगा भरला गेला, मग अक्षरं, आणि मग मशीननं सुई बदलली, पांढरा दोरा. विरळ थर पडला. काही दिसत नव्हतं. देवेशनं बंटीकडं बघितलं, बंटीनं खांदे उडवले. सावलीचं अंग भरायला लागलं. अजून काही नाही. आणि तेवढ्यात मशीन थांबली, लाल दिवा लागला. धागा तुटला. “होतं असं, होतं,” बंटी पुटपुटला आणि मशीनच्या सुईशी डोळे नेऊन दोरा ओवू लागला. रसिकाला त्याच्या हातातून दोरा हिसकावून घ्यावीशी वाटत होती. पुन्हा सुरू. मधला पट्टा. मग उन्हाचं अंग. सुई खालून वर चढायला लागली, एक ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला ते झालं. पांढऱ्या जॅकेटमधून रास वर आली. डावीकडं उजेड, उजवीकडं फिकी, जवळजवळ निळसर सावली, आणि सगळा दोरा मात्र एकाच रिळाचा. “आयला!” बंटी ओरडला. “ताई, ह्यात दुसरा धागा कधी टाकला?” “नाही टाकला.” “खोटं!” “रीळ बघ ना, मेल्या!” भरून झालेलं जॅकेट देवेशनं फ्रेमसकट हातात घेतलं, डावीकडं झुकून बघितलं, उजवीकडं झुकून बघितलं. कुठूनही बघा, रास होती. एक अंग मंद झालं तर दुसरं उजळत होतं, पण नाहीशी होत नव्हती. “ताई, खतरनाक,” तो म्हणाला. “मानलं आपण.” काळुरामनं सावलीच्या अंगावर एक बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

“मग? लावू सगळी जॅकेटं?” बंटीनं विचारलं. रसिकाच्या जिवात जीव आला होता, पण तिला वाटलं होतं तसं शांत वाटत नव्हतं. उलट आत नुसता ढोल वाजत होता. लाव, ती म्हणाली. बंटीनं बाराही हेडवर जॅकेटं ताणून बसवली आणि बटण दाबलं. गाळा दणाणला. पायाखालची फरशी थरथरायला लागली, आणि तो थरकाप तिच्या पोटऱ्यांतून वर चढला. बारा निळे पोरगे एकदम उडाले. बारा वेळा मंडळाचं नाव लिहिलं गेलं. मग पांढरा दोरा, आणि त्या लांब मेजावर, ओळीनं, सारख्या अंतरावर, एकाच उन्हात, बारा राशी हळूहळू वर यायला लागल्या. काळुराम पुढं सरकला. तो मशीनच्या कडेनं चालायला लागला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, पाय जपून टाकत, अरुंद बांधावरून चालावं तसा. प्रत्येक राशीपाशी तो क्षणभर थांबत होता. ओठ हलत होते. देवेश फोन खिशात घालून उभा राहिला. शेवटच्या राशीपर्यंत जाऊन म्हातारा वळला. त्याचा चेहरा ओला होता आणि तो हसत होता, दोन्ही एकदम, लाज न वाटता. “कवरे वरसांनी,” तो म्हणाला. मग त्यानं बंटीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, कॉम्प्युटरकडं बघितलं, आणि त्या दणदणाटात ओरडून विचारलं, “यो आगर कोनी पिकवला?”

बंटीनं तोंड उघडलं होतं. कदाचित तो ‘मशीन’ म्हणाला असता, कदाचित ‘ताईंनी’. रसिकानं त्याला बोलू दिलं नाही.

“मी!” ती म्हणाली. मशीनच्या आवाजात म्हाताऱ्याला ऐकू गेलं नसावं, त्यानं कानाला हात लावला. तेव्हा तिनं छाती भरून श्वास घेतला आणि गाळ्याबाहेरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडली, “मी पिकवला, बाबा! मी!”